मराठी संगीत नाटकाचे गुरुजी : अण्णासाहेब किर्लोस्कर



स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा आपल्या वर्गाच्या गमतीजमती लिहाव्यात, असे आधी मनात आले. पण ते काम आपल्यातले बरेच जण माझ्यापेक्षा चांगले करतील, याची मला खात्री आहे. म्हणून मी एका अशा माणसाविषयी लिहायचे ठरवले, जो आपल्या शाळेचा नाही, वऱ्हाडातलाही नाही आणि ज्याला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत. पण तो विद्यार्थी म्हणून मागे पडलेला होता, काही काळ शाळामास्तर होता आणि आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांत त्याने महाराष्ट्राला असे काही शिकवले की ते आजही पुसले गेलेले नाही. विद्यार्थी आणि शिक्षक जिथे एकत्र येणार आहेत, तिथे त्याची आठवण अस्थानी होणार नाही असे वाटते.

‘किर्लोस्कर’ हे नाव आपण वाशिम जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी पहिल्यांदा वाचले ते पाठ्यपुस्तकात नव्हे, तर विहिरीवरच्या इंजिनावर आणि पंपावर. नांगर करणारे, किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याला ठाऊक असतात. त्यांचे गाव गुर्लहोसूर. बेळगाव-धारवाडच्या मुलखातले हे लहानसे खेडे आता कर्नाटकात आहे. त्याच गावात लक्ष्मणरावांच्या आधी सव्वीस वर्षे आणखी एक किर्लोस्कर जन्मले होते. त्यांनी लोखंड घडवले नाही, माणसांचे गळे घडवले. त्यांचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब म्हणतो.

गुर्लहोसूरचा मुलगा

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला. आपण ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो तो त्यामुळेच. म्हणजे मराठी नाटक आणि त्या नाटकाला सूर देणारा माणूस हे एकाच वर्षाचे, एका वर्गातले म्हणावे असे!

घर कानडी मुलखातले, भाषा मराठी. बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण घरीच झाले, तेही कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. पुढे शिकण्यासाठी धारवाडला आणि १८६३ मध्ये पुण्याला रवानगी झाली. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या या मुलाच्या कानावर दोन्हीकडचे सूर पडले होते. इकडचे कीर्तन, साक्या, दिंड्या आणि लावण्या, तर तिकडची कर्नाटकी पदे. ही शिदोरी पुढे उपयोगी पडणार होती, पण परीक्षेत तिला गुण नव्हते.

पुण्यात अण्णासाहेबांचे लक्ष पुस्तकांपेक्षा नाटकांकडे अधिक लागले. त्या काळी गावोगाव हिंडणाऱ्या नाटकमंडळ्या पुण्यात मुक्काम टाकत. त्यांचे खेळ बघायचे, मंडळीतल्या लोकांत बसायचे, त्यांना पदे रचून द्यायची, यातच दिवस जाऊ लागले. जे व्हायचे तेच झाले. अभ्यास मागे पडला आणि शिक्षण अर्धवट राहिले. घरच्यांनी ज्या कामासाठी पाठवले ते झाले नाही. आपल्यापैकी ज्यांनी शिक्षकी केली आहे त्यांनी असा विद्यार्थी दरवर्षी एक तरी पाहिला आहे. मागच्या बाकावर बसणारा, वहीच्या शेवटच्या पानावर भलतेच काही लिहिणारा आणि प्रगतिपुस्तक घरी दाखवायला घाबरणारा.

१८६६ च्या सुमारास त्यांनी ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ नावाची स्वतःची नाटकमंडळी काढून पाहिली. नाव भारदस्त होते, पण मंडळी फार काळ टिकली नाही. वय तेवीस, शिक्षण अपुरे आणि हौसेचा पहिला प्रयत्न मोडलेला, अशी ती स्थिती होती.

बेळगावचे मास्तर

मग संसारी माणूस जे करतो तेच अण्णासाहेबांनी केले. नोकरी धरली. बेळगावच्या शाळेत ते शिक्षक झाले. त्यांच्या चरित्रातला हा भाग बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्या शाळेत त्यांच्या हाताखाली गोविंद बल्लाळ देवल नावाचा एक विद्यार्थी होता. सांगलीजवळच्या हरिपूरचा हा मुलगा पुढे गुरूच्याच वाटेने गेला. ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही नाटके ज्यांनी लिहिली आणि नटांना तालीम देण्यात ज्यांची बरोबरी करणारा त्या काळी क्वचितच कोणी होता, तेच हे देवल मास्तर. एखाद्या शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत असा एक विद्यार्थी निघाला तरी त्याचे मास्तरपण सार्थकी लागले म्हणायचे.

या काळात अण्णासाहेबांनी १८७३ मध्ये ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिले. म्हणजे नोकरी चालू होती, पण आतली धग विझली नव्हती. पुढे ते सरकारी नोकरीत पुण्याला रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत आले. आता वय सदतीसच्या घरात. कचेरीत जायचे, कागद हातावेगळे करायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. या माणसाच्या हातून यापुढे काही मोठे घडेल, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर लोक हसले असते.

तेव्हाचे नाटक कसे होते

अण्णासाहेबांनी केले काय, हे कळण्यासाठी त्यांच्या आधीचे नाटक कसे होते ते थोडे पाहिले पाहिजे.

विष्णुदासांच्या पद्धतीच्या पौराणिक नाटकात गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर असे. तो एका बाजूला उभा राहून पदे म्हणायचा, कथा पुढे न्यायचा. पात्रे येत आणि त्या पदाच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलत. लिहिलेले संवाद नसत. राक्षसांची पात्रे आरडाओरडा करीत, तलवारी परजत नाचत. या प्रकाराला लोक थट्टेने ‘अललडुर्र’ म्हणू लागले होते. आपल्याकडच्या दंडारीत किंवा खडी गमतीत आयत्या वेळी रचलेले बोलणे आणि मागच्यांनी धरलेला सूर ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या पद्धतीची थोडी कल्पना येईल.

दुसऱ्या बाजूला इंग्रजी शिकलेल्या लोकांची ‘बुकिश’ नाटके होती. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी लिहिलेले ‘थोरले माधवराव पेशवे’ हे त्यातले पहिले महत्त्वाचे नाटक. यात संवाद पुस्तकाप्रमाणे पाठ करून बोलायचे. कथा बांधीव, भाषा नेटकी, पण गाणे नाही.

म्हणजे गाणे एकीकडे आणि बांधणी दुसरीकडे अशी विभागणी झाली होती. सामान्य लोक गाण्याकडे जात, शिकलेले लोक बांधणीकडे. एका मांडवाखाली दोघांनी बसावे असे नाटक मराठीत नव्हते. संस्कृत नाटकांची मराठी भाषांतरे छापली जात होती, परंतु ती बहुतांशी वाचण्यापुरती होती.

१८८० मध्ये पुण्यात एका पारशी कंपनीचा खेळ झाला. नाटक होते ‘इंद्रसभा’, लखनौच्या अमानत यांनी उर्दूत लिहिलेले. त्यात पात्रे स्वतःच गात होती. तो खेळ पाहून अण्णासाहेबांच्या मनाने घेतले की असे नाटक मराठीत का होऊ नये? पऱ्यांच्या गोष्टीत जर गाण्याला एवढी गोडी येते, तर कालिदासाच्या शकुंतलेच्या तोंडी ते किती शोभेल? हाच तो क्षण, असे सगळे सांगतात. पण त्या क्षणामागे सतरा वर्षांचे पदे रचणे, मोडलेली मंडळी, शाळेतले शिकवणे आणि दोन भाषांतले सूर उभे होते, हेही आपण विसरू नये.

३१ ऑक्टोबर १८८०

काही महिन्यांतच त्यांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणायला घेतले. नोकरी सांभाळून लिहायचे आणि लिहिलेले लगेच तालमीत घ्यायचे, असे ते काम होते. ऐन दिवाळीच्या दिवसांत, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ चा पहिला खेळ झाला. सात अंकांपैकी पहिले चारच अंक त्या दिवशी झाले, बाकीचे नंतर जोडले गेले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले होते, शंकरराव मुजुमदार शकुंतला आणि बाळकोबा नाटेकर कण्व. स्त्रियांची कामे तेव्हा पुरुषच करीत.

त्या खेळात तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे गाणे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या तोंडी दिले. शकुंतलेचे दुःख आता बाजूला उभा असलेला दुसरा कुणी सांगत नव्हता, ती स्वतः गाऊन सांगत होती. दुसरी म्हणजे गाण्यांच्या मधले बोलणे लिहून, पाठ करून, ठाकठीक बोलले जाऊ लागले. आणि तिसरी म्हणजे जुन्या खेळातला विदूषकाचा धिंगाणा आणि गणपती-सरस्वतीचे नाचत येणे काढून संस्कृत नाटकाप्रमाणे नांदी व सूत्रधार-नटीचा प्रवेश आला.

युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात त्याच्याशी संगीत नाटकाची तुलना नेहमी होते. पण दोन्हींत मोठा फरक आहे. ऑपेरात बहुधा सगळे संभाषण गाण्यातच असते. अण्णासाहेबांनी बोलणे आणि गाणे यांची वाटणी केली. साधी हकीकत बोलून सांगायची आणि मन भरून आले, बोलण्याने भागेना, की पद सुरू व्हायचे. योगायोग असा की याच काळात जर्मनीत रिचर्ड वाग्नर आपल्या अखेरच्या ऑपेरावर काम करीत होते. त्यांचे ‘पार्सिफाल’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यांच्यामागे बव्हेरियाच्या राजाची तिजोरी होती आणि खास त्यांच्यासाठी बांधलेले नाट्यगृह होते. आमचे अण्णासाहेब कमिशनरच्या कचेरीतले नोकरदार. त्यांचा राजा म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक.

पदांच्या चालींसाठी त्यांनी कुठलीही सोवळे-ओवळे केले नाही. रागदारी, कर्नाटकी चाली, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीचा ठेका, बायकांच्या तोंडची गाणी, जे ज्या प्रसंगाला बसेल ते घेतले. ‘शाकुंतल’ मध्ये दोनशेच्या आसपास पदे आहेत. एवढी पदे आज कुणाला जड वाटतील, पण त्यातली बरीच लहान, दोन-चार ओळींत संपणारी होती. ती कथा अडवीत नसत, पुढे नेत. आलापांच्या लांबच लांब मैफली नाटकात शिरल्या त्या पुष्कळ पुढे.

आपल्या मातीचा एक धागा

इथे थोडे थांबून वाशिमकरांच्या अभिमानाची एक गोष्ट सांगतो. संस्कृत नाटकाचा संकेत असा की स्त्रिया बोलत शौरसेनी प्राकृतात आणि गात महाराष्ट्री प्राकृतात. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ मध्येही आरंभी नटी गाते ते महाराष्ट्रीतच. ही महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची आजी. आणि या भाषेत काव्य करणाऱ्या थोर कवींपैकी एक होता वाकाटक राजा सर्वसेन. चौथ्या शतकात त्याची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम. त्याच्या ‘हरिविजय’ या काव्यात कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा होती. ते काव्य आज पूर्ण उपलब्ध नाही, इतर ग्रंथकारांनी घेतलेल्या उताऱ्यांवरून ते ओळखीचे आहे. पुढे राजशेखराने तर वैदर्भी रीतीला वत्सगुल्मावरून ‘वच्छोमी’ असेच नाव दिले.

म्हणजे कालिदासाच्या नायिका ज्या भाषेत गात होत्या, तिचा मान आपल्या गावाने एके काळी वाढवला होता. मधे शतके गेली, ते गाणे पोथ्यांत राहिले. अण्णासाहेबांनी १८८० मध्ये शकुंतलेला पुन्हा गायला लावले, ते त्याच भाषेच्या नातीच्या तोंडून. त्या वेळी आपले गाव ‘बासिम’ या नावाने एका स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

‘सौभद्र’

‘शाकुंतल’ ला कालिदासाचा आधार होता. दुसरे नाटक मात्र अण्णासाहेबांचे स्वतःचे. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात ‘संगीत सौभद्र’ चे पहिले तीन अंक झाले आणि १८८३ मध्ये पूर्ण पाच अंकी नाटक उभे राहिले.

कथा महाभारतातली. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाच्या मनात दुर्योधनाचे स्थळ आणि मधे सूत्रे हलवणारा कृष्ण. अर्जुन संन्याशाच्या वेषात घरात येतो आणि बलराम मोठ्या भक्तिभावाने त्याची सेवा करायला बहिणीलाच सांगतो! पुराणातले देव आणि यादव या नाटकात आपल्या ओळखीच्या मराठी घरातल्या माणसांसारखे वागतात. मोठा भाऊ तापट पण भोळा, धाकटा गोड बोलून आपले तेच खरे करणारा, वहिनी समजूतदार आणि लग्नाच्या वयाची बहीण कोंडीत सापडलेली. ज्या काळात मुलींना विचारण्याची रीतच नव्हती, त्या काळात मुलीच्या मनाविरुद्ध ठरलेले लग्न हसतखेळत मोडून काढणारे हे नाटक घराघरांतून लोक पाहायला गेले. अण्णासाहेबांनी कुठे उपदेश केला नाही. सुभद्रेला गायला लावले आणि लोकांना तिची बाजू पटली.

या वेळी मंडळीत एक नवा तरुण आला होता. बडोद्याचा भाऊराव कोल्हटकर. वय एकोणीस-वीस, रूप देखणे आणि गळा असा की एकदा ऐकला तो विसरायचा नाही. त्याला लोक लाडाने ‘भावड्या’ म्हणत. भाऊराव सुभद्रा झाले, मोरोबा अर्जुन आणि बाळकोबा नारद. कोणत्या गळ्याला कोणते काम द्यायचे, याची अण्णासाहेबांना पक्की जाण होती. नारदाचे काम कथेत लहान, पण बाळकोबांच्या गाण्यामुळे ते प्रेक्षकांच्या कायमचे लक्षात राहिले.

आज आपण ‘दिग्दर्शक’ हा शब्द सहज वापरतो. त्या काळी तो शब्द नव्हता, ते कामही वेगळे मानले जात नव्हते. नाटक लिहिणारा, चाली लावणारा, कामे वाटणारा, उभे कसे राहायचे आणि शब्द कुठे तोडायचा हे शिकवणारा एकच माणूस असे आणि त्याला मास्तर म्हणत. अण्णासाहेब या अर्थाने शेवटपर्यंत मास्तरच राहिले. बेळगावच्या वर्गातून उठून ते पुण्याच्या तालमीत आले, एवढाच काय तो फरक.

अर्धे राहिलेले नाटक

१८८४ मध्ये तिसरे नाटक आले, ‘रामराज्यवियोग’. कैकेयी आणि मंथरेच्या कारस्थानाने रामाचे राज्य जाते, ती कथा. याचे तीनच अंक लिहून झाले. पुढचे अंक होतील, मग नाटक पुरे करू, असा विचार असणार. पहिल्या दोन नाटकांच्या वेळीही त्यांनी तसेच केले होते, थोडे लिहून रंगभूमीवर आणायचे आणि बाकीचे मागाहून पुरे करायचे. पण या वेळी मागाहून वेळच मिळाला नाही. प्रकृती ढासळली. ते आपल्या गावी गुर्लहोसूरला गेले आणि तिथेच २ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे बेचाळीस.

मित्रहो, जरा हिशेब करून पाहा. ‘शाकुंतल’ चा पहिला खेळ ३१ ऑक्टोबर १८८० ला आणि मृत्यू २ नोव्हेंबर १८८५ ला. मधे पाच वर्षे आणि दोन दिवस. नाटके अडीच. एवढ्या भांडवलावर मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली. आपण पाच वर्षांत काय करतो? पाचवीतून दहावीत जातो!

गुरुजी गेल्यावर

एखाद्या शिक्षकाची खरी परीक्षा तो शाळेतून गेल्यावर होते. वर्ग त्याच्यामागे चालतो की विस्कटतो, यावरून त्याने काय पेरले ते कळते. किर्लोस्कर नाटक मंडळी त्यांच्यामागे विस्कटली नाही. सहकाऱ्यांनी ती चालू ठेवली. ज्यांनी पहिल्या खेळात शकुंतलेचे काम केले होते, त्या शंकरराव मुजुमदारांनी पुढे मंडळीचा कारभार सांभाळला आणि आपल्या गुरूचे चरित्रही लिहिले.

विद्यार्थी देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ दिले. पैशाच्या लोभाने लहान मुलगी म्हाताऱ्याला देण्याच्या चालीवर त्या नाटकाने जो घाव घातला तो सर्वश्रुत आहे. पुराणातल्या सुभद्रेच्या तोंडचे गाणे अशा रीतीने चौदा वर्षांच्या खऱ्याखुऱ्या मराठी मुलीच्या तोंडी आले. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो मात्र हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून, या नाटकावरून नव्हे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची, माझीही, शाळेत असताना तशीच समजूत होती.)

आपल्या वऱ्हाडाचाही या मंडळीशी जवळचा संबंध आला. खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे ‘वीरतनय’ हे नाटक १८९६ मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणले. कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी काही काळ किर्लोस्कर मंडळीतच नोकरीला होते आणि त्यांचा शेवटही विदर्भातल्या सावनेरला १९१९ मध्ये झाला. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा या मंडळीत आला आणि पहिल्याच नाटकात शकुंतला झाला. तेच आपले बालगंधर्व. १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ याच मंडळीने केले आणि १९१३ मध्ये बालगंधर्वांनी बाहेर पडून स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. अण्णासाहेबांनी लावलेल्या झाडाला अशा फांद्या फुटत गेल्या.

पुढे बोलपट आले, कंपन्या कर्जात बुडाल्या, नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. संगीत नाटकात गाणे फार वाढले आणि नाटक मागे पडले, ही तक्रारही खरी आहे. अण्णासाहेबांनी घातलेली बोलण्या-गाण्याची वाटणी पुढच्यांना नेहमी सांभाळता आली नाही. तरीही ‘सौभद्र’ चे प्रयोग आजही कुठे ना कुठे होतात, हौशी मंडळी करतात, नवी मुले ती पदे शिकतात. सव्वाशे-दीडशे वर्षे टिकणारे इंजिन दुसऱ्या किर्लोस्करांनाही करता आले नसेल!

शेवटी थोडे स्वतःचे

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की शाळा सुटल्यावर मीही मास्तरकीच केली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गॅदरिंगमध्ये नाटक बसवत होतो. एका मुलाचा गळा फार गोड होता. तो सहामाहीत गणितात नापास झाला आणि मी त्याला नाटकातून काढले. आधी अभ्यास, मग नाटक, हा माझा नियम होता आणि तो मला तेव्हा अगदी बरोबर वाटत होता. तो मुलगा काही बोलला नाही. तालीम चालू असताना खिडकीबाहेर उभा राहून ऐकत असे. वार्षिक परीक्षेत तो गणितात पुन्हा नापास झाला. म्हणजे नाटक सोडून त्याला गणितही आले नाही आणि गाणेही गेले. पुढच्या वर्षी तो शाळेत आलाच नाही.

तो मुलगा अण्णासाहेब झाला असता, असे मी म्हणत नाही. अभ्यास सोडून सगळ्यांनी नाटकाच्या मागे लागावे, असेही म्हणणे नाही. प्रत्येक नापास मुलाच्या पोटात ‘सौभद्र’ नसते. पण पुण्यातला तो विद्यार्थी अभ्यासात मागे पडला तेव्हा कुणी त्याचा नाद कायमचा तोडून टाकला असता, तर काय झाले असते, हा विचार निवृत्तीनंतर मला वारंवार येतो. अण्णासाहेबांना सदतीस वर्षे थांबावे लागले. त्यांची धग तेवढी टिकली. सगळ्यांची टिकत नाही. ती टिकवण्याचे काम थोडेफार आपल्या हातात असते, पालक म्हणून आणि शिक्षक म्हणून.

आपल्यातले काही जण आता साठीच्या पुढे आहेत. नोकऱ्या संपल्या, शेती मुलांच्या हाती गेली. ज्यांना पेटी वाजवायची होती, गायचे होते, लिहायचे होते आणि संसाराच्या धबडग्यात राहून गेले, त्यांनी फार उशीर झाला असे समजू नये. गुर्लहोसूरच्या या माणसाने सिद्ध केले आहे की पाच वर्षे पुरतात.

मेळाव्याच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात करमणुकीचा कार्यक्रम ठेवला आहे, असे समजले. ज्याला मी नाटकातून काढले त्या विद्यार्थ्याचा पत्ता एका वर्गमित्राने मिळवून दिला आहे आणि मी त्याला निरोप पाठवला आहे. तो येईल की नाही, सांगता येत नाही. आला, तर त्या दिवशी पहिले पद त्याचे, एवढी विनंती मी संयोजकांना आधीच करून ठेवतो.